ईएमडीआर: डोळ्यांच्या हालचालींतून आघातावर उपचार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघात, हल्ला, लैंगिक अत्याचार, भूकंप, घरातली मारहाण. अशा प्रसंगाला वर्षं उलटली तरी मन तिथेच अडकून राहतं. मग कुणीतरी ईएमडीआरचं नाव सुचवतं आणि ऐकणारा दोनपैकी एका टोकाला जातो: "दोन सेशनमध्ये बरं होतं म्हणे!" नाहीतर "बोटं हलवून कुठे मन बरं होतं का?" दोन्हींकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचं मत आधीच सांगतो. बोट हलवणं हा या उपचारातला सर्वांत सोपा भाग आहे. त्याच्या आधी आणि नंतर काय होतं, यावर बरंचसं अवलंबून असतं.

ईएमडीआर म्हणजे नक्की काय?

पूर्ण नाव 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग'. त्रासदायक आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटांमागे किंवा सरकत्या दिव्यामागे नजर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवायची. वीस-तीस सेकंदांनी थांबायचं, काय जाणवलं ते थोडक्यात सांगायचं, पुन्हा सुरू करायचं. बाहेरून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं. प्रत्यक्षात उपचाराचे आठ टप्पे आहेत आणि त्यातल्या मोजक्याच टप्प्यांत डोळे फिरवायचे असतात.

हे शोधून काढलं कुणी?

फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी. त्या मुळात इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थिनी. कॅन्सर झाल्यावर मन आणि शरीर यांच्या नात्याकडे वळल्या. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बागेत फिरताना त्यांच्या लक्षात आलं, की मनात घोळणारे त्रासदायक विचार आपोआप बोथट होत आहेत आणि त्या वेळी आपले डोळे भराभर इकडून तिकडे हलत आहेत. त्यांनी हे आधी ओळखीच्या लोकांवर आणि मग रीतसर रुग्णांवर करून पाहिलं. १९८९ मध्ये २२ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच सेशनमध्ये पडलेला फरक इतका मोठा सांगितला होता, की अनेक संशोधकांच्या भुवया उंचावल्या. वाद तेव्हापासून सुरू आहे, त्याबद्दल पुढे येईलच. शापिरो २०१९ मध्ये वारल्या.

मला होणारा त्रास आघातामुळेच आहे, हे कसं कळणार?

वाईट प्रसंगानंतर झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं ते काही आठवड्यांत ओसरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो, पण त्यांतल्या ५.६ टक्क्यांनाच पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक विकार होतो. म्हणून 'ट्रॉमा' हा शब्द हल्ली ज्या सैलपणे वापरला जातो, तो आम्हाला खटकतो. बॉसने मीटिंगमध्ये सुनावलं तर वाईट वाटतं, आघात होत नाही.

महिना उलटून गेल्यावरही पुढच्या गोष्टी चालू असतील तर तपासून घ्यावं. प्रसंग नुसता आठवत नाही, तो पुन्हा घडतोय असंच वाटतं. त्या रस्त्याने जाणं, तो विषय, ती माणसं टाळली जातात. अंग सतत सावध राहतं, दार आपटलं तरी छाती धडधडते. 'चूक माझीच होती' किंवा 'आता कुणाचाच भरवसा नाही' असं मनाने घेतलेलं असतं. निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञच करतील. इंटरनेटवरच्या चाचणीत आलेले गुण म्हणजे निदान नव्हे.

डोळे हलवून मनावर परिणाम कसा होईल?

सगळ्यांना पटलेलं एकच उत्तर अजून नाही. तीन उत्तरं मात्र गंभीरपणे अभ्यासली गेली आहेत.

पहिलं शापिरोंचं स्वतःचं. त्यांच्या मते एरवी मेंदू दिवसभरातले अनुभव आधीच्या अनुभवांशी जोडून मार्गी लावतो. आघाताच्या वेळी हे काम अडतं. मग ती आठवण त्या वेळचं दृश्य, वास, आवाज, भीती यांच्यासकट जशीच्या तशी सुटी पडून राहते आणि निमित्त मिळालं की तशीच्या तशी वर येते. उपचारात हे अडलेलं काम पुढे सरकतं. चित्र समजायला सोपं आहे, पण मेंदूत हे असंच घडतं याचा थेट पुरावा तोकडा आहे.

दुसरं उत्तर झोपेशी जोडलेलं. स्वप्नांच्या झोपेत बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि त्या काळात मेंदू आठवणींवर काम करत असतो, हे माहीत आहे. जागेपणी डोळे फिरवल्याने तशीच काहीशी स्थिती येत असेल, असा हा तर्क. अजून तो तर्कच आहे.

तिसऱ्याला प्रयोगांचा आधार सर्वांत जास्त आहे आणि आम्हालाही तेच पटतं. एका वेळी जे काही आपण मनात धरून हाताळतो त्याला जागा फार थोडी असते. छोट्या ओट्यावर पोळ्या लाटताना तिथेच भाजीचं ताट आणून ठेवलं, तर पोळपाटाला आखडून बसावं लागतं, तसंच. आठवण मनात धरून नजर वेगाने फिरवायची म्हणजे दोन कामं एकाच जागेसाठी भांडू लागतात. आठवणीला पुरेशी जागा मिळत नाही, तिचे रंग फिकट होतात, धग कमी होते आणि ती या सौम्य झालेल्या रूपात पुन्हा साठवली जाते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यावर बरेच प्रयोग केले. आठवण मनात धरून किचकट आकृती काढली किंवा अवघड उलटी मोजणी केली तरी थोडाफार असाच परिणाम होतो, असं दिसलं. कानात नुसते आलटूनपालटून बीप वाजवले तर मात्र तो कमी होतो, कारण ते ऐकायला मनाला कष्टच पडत नाहीत. म्हणजे गंमत डावी-उजवीकडे असण्यात कमी आणि लक्ष खर्ची पडण्यात जास्त असावी.

२०१९ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी भीती बसलेल्या उंदरांना डावी-उजवीकडे आलटूनपालटून दिसणारा प्रकाश दाखवला, तेव्हा त्यांची भीती जास्त टिकाऊपणे कमी झाली आणि त्यामागचा मेंदूतला मार्गही सापडला. उंदरांवरून माणसांवर उडी मारायची घाई नको, पण डोळ्यांच्या हालचालींत काहीच तथ्य नाही, असं म्हणणंही त्यानंतर अवघड झालं.

पहिल्याच भेटीत डोळे हलवायला लावतात का?

नाही. कुणी लावत असेल तर सावध व्हा.

पहिल्या टप्प्यात इतिहास समजून घेतात: काय घडलं, आत्ता कशाने त्रास होतो, इतर आजार, औषधं, घरची परिस्थिती. दुसऱ्यात तयारी होते आणि आमच्या दृष्टीने उपचाराचा कणा हाच. भावना अनावर झाल्या तर परत कसं यायचं, श्वास कसा सांभाळायचा, मनातली एखादी सुरक्षित जागा कशी पक्की करायची, 'थांबा' सांगायची खूण कोणती, हे सगळं इथे ठरतं आणि घोटून घेतलं जातं. एकाच अपघाताचा प्रश्न असेल तर हे एका-दोन भेटींत होतं. लहानपणापासून वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या माणसाला यालाच कित्येक महिने लागू शकतात, आणि ते महिने वाया गेले असं समजू नये.

तिसऱ्या टप्प्यात एक आठवण निवडतात. समजा, घाटात गाडी उलटली होती. सर्वांत छळणारं दृश्य कोणतं? काचेवर आलेला ट्रकचा दिवा. ते दृश्य पाहताना स्वतःबद्दल काय वाटतं? 'मी आता मरणार.' त्याऐवजी काय वाटायला हवं आहे? 'मी वाचलोय. ते संपलंय.' हे दुसरं वाक्य आत्ता किती खरं वाटतं ते १ ते ७ मध्ये सांगायचं आणि त्रास किती आहे तो ० ते १० मध्ये. शरीरात कुठे जाणवतं? छातीत, घशात, पोटात?

मग चौथा टप्पा, ज्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. डोळे फिरवायचे, थांबायचं, जे येईल ते येऊ द्यायचं. कधी दृश्य बदलतं, कधी रडू येतं, कधी अचानक आजीच आठवते. थेरपिस्ट कमी बोलतात. 'असू दे, पुढे पाहा' एवढंच. त्रासाचा आकडा शून्यापर्यंत किंवा परिस्थितीला साजेल इतका खाली आला की पाचव्यात ते चांगलं वाक्य पक्कं करतात, सहाव्यात डोक्यापासून पायापर्यंत कुठे ताण उरलाय का ते पाहतात. सातवा टप्पा सेशन नीट बंद करण्याचा. काम अर्धवट राहिलं असेल तरी माणूस सावरलेल्या अवस्थेत घरी गेला पाहिजे. आठवा पुढच्या भेटीच्या सुरुवातीला येतो: मागच्या वेळी जे झालं ते टिकलं का?

जे झालं ते सगळं सांगावं लागतं का?

लागत नाही. अनेक जण हीच पद्धत निवडतात ते याच कारणासाठी. प्रसंगाचा बारीकसारीक तपशील मोठ्याने सांगायची सक्ती इथे नसते, घरी लिहून आणायचा गृहपाठही नसतो. 'तो शेवटचा क्षण' एवढं म्हटलं तरी काम पुढे जातं. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या माणसासाठी, किंवा अंगावर गणवेश आहे म्हणून 'आपण रडायचं नाही' अशी सवय लागलेल्यासाठी हा फार मोठा दिलासा असतो. मात्र तोंडाने सांगितलं नाही तरी मनात ते उभं करावं लागतंच, आणि ते सोपं नसतं.

हे संमोहन आहे का?

नाही. तुम्ही पूर्ण जागे असता, खोली आणि समोरचा माणूस यांचं भान असतं, कधीही थांबवता येतं.

आठवण पुसली जाते का? दडलेल्या आठवणी बाहेर येतात का?

पुसली जात नाही. प्रसंग आठवतो, पण घडून गेलेल्या गोष्टीसारखा आठवतो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल जरा कडक बोलू. 'तुमच्या लहानपणी नक्की काहीतरी झालंय, आपण ते ईएमडीआरने शोधून काढू' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून या. माणसाची आठवण सूचनेने बदलते, नवी घडतेसुद्धा. हा उपचार माहीत असलेल्या आठवणीचा त्रास कमी करण्यासाठी आहे, गुप्तहेरगिरीसाठी नाही.

काही तज्ज्ञ याला थोतांड म्हणतात. खरं काय?

टीका खरी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकनॅली यांनी १९९९ मध्ये म्हटलं, की यात जे परिणामकारक आहे ते नवं नाही आणि जे नवं आहे ते परिणामकारक नाही. म्हणजे भीतीदायक आठवणीला सुरक्षित जागी सामोरं जाण्याने फायदा होतो, हे आधीपासून माहीत होतं. डोळे हलवणं ही वरची सजावट. २००१ मधल्या एका मोठ्या विश्लेषणात डोळ्यांच्या हालचालींमुळे वेगळा फायदा दिसला नाही. २०१३ मधल्या दुसऱ्या विश्लेषणात तो दिसला. २०१६ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात हलत्या हाताकडे पाहणारे आणि स्थिर हाताकडे टक लावून पाहणारे सारखेच सुधारले. दोघेही, नजर कुठेही ठेवा असं सांगितलेल्या गटापेक्षा बरे ठरले. बाहेरच्या कशाकडे तरी लक्ष धरून ठेवणं महत्त्वाचं, हे वरच्या ओट्याच्या गोष्टीशी जुळतंच.

पण 'कशामुळे' हा वाद 'उपयोग होतो का' या प्रश्नापासून वेगळा ठेवायला हवा. दुसऱ्याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित सीबीटीच्या (म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराच्या) जोडीने ईएमडीआरची शिफारस केली, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत ते आहे, पण युद्धाच्या आघातासाठी नाही. अमेरिकेत उलट चित्र: माजी सैनिक विभाग आणि संरक्षण विभाग यांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत ईएमडीआर पहिल्या पसंतीच्या तीन उपचारांत आहे, तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१७ मध्ये हात राखून, सशर्त शिफारस केली. अनेक अभ्यास लहान आहेत, काहींचा दर्जा साधारण आहे, हेही खरं.

आमचा निष्कर्ष असा: पीटीएसडीसाठी हा विश्वासार्ह उपचार आहे. सीबीटीपेक्षा तो सरस आहे असं म्हणायला आधार नाही. आणि नैराश्य, व्यसन, जुनाट दुखणं, परीक्षेची भीती, सगळ्यावर एकच औषध म्हणून जो विकतो, त्याच्याकडे जाऊ नये.

किती सेशन लागतात? खर्च किती?

एकाच प्रसंगाचा आघात असेल तर साधारण ८ ते १२ सेशन धरून चाला, कधी कमीही पुरतात. एक सेशन तास-दीड तासाचं, बहुधा आठवड्यातून एकदा. अनेक वर्षांचा छळ असेल तर हा हिशेब लागू नाही. फी शहरागणिक आणि माणसागणिक बदलते. दीड तासाच्या सेशनचे वेगळे पैसे आहेत का, ते आधीच विचारून घ्या. मराठी माणसाला पैशाचं विचारायला संकोच वाटतो आणि मग तिसऱ्या सेशननंतर येणं बंद होतं. त्यापेक्षा विचारलेलं बरं. विम्याबद्दल म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायला सांगितलं आहे. पण बऱ्याच पॉलिसी दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचे पैसे मुळातच देत नाहीत, त्यामुळे पॉलिसीचा कागद वाचा.

उपचारात त्रास वाढतो का?

काही काळ वाढू शकतो. सेशननंतर एक-दोन दिवस थकवा, विचित्र स्वप्नं, हळवेपणा, विसरलेले बारकावे आठवणं हे होतं. त्या दिवशी महत्त्वाची मीटिंग ठेवू नका, लगेच गाडी चालवत घरी निघू नका. त्रास आठवडाभर चढतच राहिला किंवा स्वतःला इजा करायचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेरपिस्टला कळवा.

कुणी थांबावं?

ज्यांना सध्या आत्महत्येचे तीव्र विचार येत आहेत, जे अजूनही मारहाण होणाऱ्या घरातच राहतात, ज्यांचं दारू किंवा नशा आवाक्याबाहेर आहे, ज्यांना वास्तवाचं भान सुटण्याचा आजार आहे. यांना उपचार नाकारायचा नसतो, पण आधी पाया भरावा लागतो. तंद्री लागून तासन् तास हरवल्यासारखं होत असेल, तर ते आवर्जून सांगा. फिट येत असतील, डोळ्यांचा विकार असेल, गरोदर असाल, तर तेही. डोळे फिरवणं जमत नसेल तर हातांवर आलटूनपालटून थोपटूनही काम करता येतं.

कोर्टात केस चालू आहे. उपचार घेऊ का?

आधी वकिलांशी बोला आणि थेरपिस्टलाही सांगा. उपचारानंतर आठवणीची तीव्रता आणि तपशील बदलू शकतात, आणि उलटतपासणीत त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. साक्ष आधी नोंदवून घेता येते का, हे वकील पाहू शकतात. मात्र केसचा निकाल लागेपर्यंत वर्षानुवर्षं आधाराशिवाय राहा, असा याचा अर्थ कुणी काढू नये. मनाला सावरणारे बाकीचे उपचार चालू ठेवता येतात.

दुर्घटना नुकतीच घडली आहे. लगेच सुरू करावं का?

पहिल्या दिवसांत माणसाला लागते ती सुरक्षित जागा, जेवण, झोप, आपली माणसं आणि खरी माहिती. 'बोलून टाक, मोकळी हो' म्हणत सगळं वदवून घेण्याने फायदा होत नाही. अशा एकवेळच्या झाडाझडतीविरुद्ध 'नाइस'ने स्पष्ट सल्ला दिला आहे.

मोठ्या आपत्तीनंतर गटाने करण्याची पद्धतही आहे. १९९७ मध्ये मेक्सिकोत पॉलिन चक्रीवादळ आलं, त्यातून वाचलेल्या मुलांसोबत काम करताना लुसिना आर्टिगास आणि इग्नासिओ हारेरो यांनी ती घडवली. मुलं चित्रं काढतात आणि छातीवर हातांची फुली करून खांद्यांजवळ आलटूनपालटून थोपटतात. तीच ही 'बटरफ्लाय हग'. ब्रिटनचे राजपुत्र हॅरी यांनी २०२१ मध्ये कॅमेऱ्यासमोर घेतलेल्या सेशनमध्ये असंच थोपटलं आणि ती जगभर पोचली. भारतात ईएमडीआरच्या प्रशिक्षणाला चालना मिळाली तीही २००१ च्या गुजरात भूकंपानंतरच्या मदतकार्यातून.

व्हिडिओ लावून घरच्या घरी केलं तर?

मन शांत करायला बटरफ्लाय हग करा, हरकत नाही. पण मोबाइलवर सरकता ठिपका लावून सर्वांत वाईट आठवण एकट्याने उघडू नका. ती उघडणं सोपं असतं, बंद करायला दुसरं माणूस लागतं. प्रशिक्षित थेरपिस्टसोबत ऑनलाइन सेशन ही वेगळी गोष्ट, ती चालते. दार बंद करता येईल अशी खोली मात्र हवी, आणि आपल्याकडच्या वन बीएचकेमध्ये खरी अडचण तीच असते.

थेरपिस्ट कसा निवडावा?

आधी मूळ पात्रता पाहा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि ती तपासता येते. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर. त्यानंतर ईएमडीआरचं प्रशिक्षण. ते टप्प्याटप्प्याने, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली पूर्ण झालंय का, हे सरळ विचारा. 'माझ्यासारख्या केसेस तुम्ही पाहिल्या आहेत का?' आणि 'मध्येच मला सहन झालं नाही तर काय कराल?' या दोन प्रश्नांची उत्तरं भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा जास्त सांगून जातात. भाषेचंही पाहा. 'मीच नालायक' हे वाक्य ज्या भाषेत मनात येतं, त्या भाषेत काम झालं तर बरं. मालवणीत रडणाऱ्या माणसाला इंग्रजीत भावना सांगायला लावू नये.

चालू असलेल्या गोळ्या बंद कराव्या लागतील का?

आपल्या मनाने अजिबात नाही. ज्यांनी लिहून दिल्या त्या डॉक्टरांना विचारा. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घेत असाल तर थेरपिस्टला सांगून ठेवा.

घरच्यांनी काय करायचं?

सेशनवरून आल्यावर 'आज काय काय विचारलं?' हा प्रश्न टाळायचा. चहा द्यायचा, त्या संध्याकाळी पाहुणे बोलवायचे नाहीत. 'झालं गेलं गंगेला मिळालं' हे वाक्य कितीही मायेने म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ते 'आता पुरे कर' असंच ऐकू येतं. उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने रुग्णाला दिला आहे. त्यामुळे थेरपिस्टने तुम्हाला काही सांगितलं नाही, तर रागावू नका, मग फी तुम्ही भरत असलात तरी.

रात्री-अपरात्री त्रास वाढला तर?

केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. कॉल मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ते फोनवर ईएमडीआर करत नाहीत, पण ती रात्र पार पाडायला आणि जवळच्या सेवेपर्यंत पोचायला मदत करतात. जिवाला धोका वाटत असेल तर ११२ लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.